भिंतीपलीकडचें गाणें

सुमारें शंभर वर्षांपूर्वींची गिरगांवांतील एखादी चाळ आपण क्षणभर डोळ्यांपुढें आणूं. लांकडी जिना, लांकडी तक्तपोशी, खोल्यांपुढून गेलेली एकच लांब गॅलरी, आणि दोन बिऱ्हाडांमध्यें एक पातळशी भिंत. अशा चाळींत एखाद्या बिऱ्हाडकरूनें ग्रामोफोन आणला, कीं ती गोष्ट त्याच्या एकट्याच्या घरची राहात नसे. सायंकाळीं कचेरींतून येऊन त्यानें यंत्राला किल्ली दिली, कीं गॅलरींत मुलें गोळा होत. बायका दाराआडून कान देत. आणि खालच्या मजल्यावरील एखादे आजोबा बालगंधर्वांचें पद नीट ऐकूं यावें म्हणून नातवाला गप्प बसवीत. शेजाऱ्याच्या घरांतून आलेलें गाणें ही त्या काळीं फुकट मिळालेली मेजवानी होती. आज तेंच गाणें भिंतींतून आलें तर आपल्या कपाळाला आठी पडते, आणि प्रसंगीं पोलिसांना बोलावण्यापर्यंत मजल जाते. मग या शंभर वर्षांत बदललें काय? या प्रश्नाचा इतिहास आज आपणांपुढें मांडावयाचा आहे.

शेजाऱ्याच्या संगीताविषयींची तक्रार ही यंत्रयुगाहून जुनी आहे, हें आरंभींच सांगितलें पाहिजे. लंडन येथील चेल्सी भागांत राहणारा प्रसिद्ध ग्रंथकार टॉमस कार्लाइल हा शेजारच्या पियानोनें आणि कोंबड्यांनीं इतका त्रासला, कीं १८५३ सालीं त्यानें आपल्या घराच्या माथ्यावर दुहेरी भिंतींची एक स्वतंत्र खोली बांधविली. पैसा खर्च झाला, परंतु हवी ती शांतता कांहीं त्याला लाभली नाहीं. पुढें १८६४ सालीं रस्त्यावरील वाजंत्र्यांना आळा घालणारा कायदा ब्रिटिश पार्लमेंटनें केला. आणि १९०८ मध्यें जर्मनींतील हॅनोव्हर येथें थिओडोर लेसिंग या विचारवंतानें गोंगाटाविरुद्ध एक संघच स्थापन केला. तथापि या सर्व प्रकरणांत एक मर्यादा होती. पियानो वाजविणारा माणूस थकत असे, आणि वाजंत्रीवाल्याला केव्हां तरी घरीं जावें लागे. न थकणारा गवई घरांत आला तो यंत्राच्या रूपानें.

एडिसननें फोनोग्राफ १८७७ सालीं सिद्ध केला, आणि एमिल बर्लिनरनें तबकडीवर चालणारा ग्रामोफोन १८८७ सालीं पुढें आणला. १९०२ च्या नोव्हेंबरांत फ्रेड गैसबर्ग हा ध्वनिमुद्रक कलकत्त्यास आला आणि त्यानें गौहरजान हिचें गाणें तबकडीवर उतरवून घेतलें. सहा वर्षांनीं, म्हणजे १९०८ सालीं, कलकत्त्यांतच तबकड्यांचा कारखाना निघाला, आणि आपल्याकडील सुखवस्तु घरांत ग्रामोफोन दिसूं लागला.

या जुन्या यंत्राची घडण लक्षांत घेण्यासारखी आहे. त्याला वीज लागत नसे. सुईचें कंपन एका पातळ पडद्याला मिळे व तेथून कर्ण्यावाटें हवेंत पसरे. आवाज कमी-अधिक करण्याची कळ त्याला नव्हतीच. मोठा आवाज हवा तर जाड सुई लावावयाची, लहान हवा तर बारीक. ज्या यंत्रांत कर्णा पेटीच्या आंत असे, त्या पेटीचीं दारें मिटून घेतलीं म्हणजे आवाज दबे. दर बाजूस सुमारें तीन मिनिटांचें गाणें, मग सुई बदलावयाची, तबकडी उलटावयाची, पुन्हां किल्ली द्यावयाची. एवढे सायास करून माणूस किती वेळ वाजविणार? यंत्राचा दुबळेपणा आणि त्याचा हा सोपस्कार हींच शेजाऱ्याची संरक्षक कवचें होतीं. शिवाय यंत्र अख्ख्या चाळींत एखादेंच. त्यामुळें त्याच्या आवाजाची तक्रार होण्याऐवजीं आवाज कमी पडतो अशीच कुरकुर होई.

१९२५ हें वर्ष या इतिहासांत वळणाचें ठरलें. त्या सालीं विजेच्या साहाय्यानें ध्वनिमुद्रण करण्याची रीत व्यवहारांत आली, आणि त्याच सुमारास अमेरिकेंत राइस व केलॉग या दोघां संशोधकांनीं ज्या जातीचा ध्वनिवर्धक आजही आपल्या घरांत असतो, त्याची घडण प्रसिद्ध केली. आतां बारीक विद्युत्प्रवाह हवा तितका वाढवितां येऊं लागला, आणि यंत्राच्या दर्शनी भागावर एक नवी वस्तु आली. ती म्हणजे आवाजाची फिरती कळ. घराच्या मालकाला दोन बोटांनीं आपल्या चार भिंतींची हद्द ओलांडण्याचें सामर्थ्य या कळीनें दिलें.

रेडिओची कथा मोठी मौजेची आहे. मुंबईंत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचें केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झालें. आरंभींचे पुष्कळ ऐकणारे स्फटिकाचा साधा संच वापरीत व कानांना श्रवणिका लावून बसत. म्हणजे रेडिओनें घरांत पाऊल टाकलें तें अगदीं दबकत! पुढें दिव्यांचे संच आणि ध्वनिवर्धक आले व रेडिओ तोंडानें बोलूं लागला. न्यूयॉर्क शहरानें १९२९ सालीं गोंगाटाच्या चौकशीसाठीं आयोग नेमला, तेव्हां नागरिकांच्या तक्रारींत घरांतील, रस्त्यांवरील व दुकानांतील रेडिओला बराच वरचा क्रमांक मिळाला होता.

आपल्याकडे मात्र तशी आरडाओरड लगेच झाली नाहीं, आणि तिचें कारण माझ्या समजुतीप्रमाणें असें आहे. रेडिओ वाढले, परंतु ऐकावयाचीं केंद्रें थोडीं. १९५२ पासून रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. १९५७ च्या ऑक्टोबरांत विविध भारतीचा आरंभ झाला. आमच्या लहानपणीं बुधवारीं रात्रीं गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेलें, तरी गाण्याची एक ओळही चुकत नसे. कारण प्रत्येक खिडकींतून तेंच गाणें चालू असे. भिंतीपलीकडचा आवाज हा आपल्याच घरांतील आवाजाचा जोडीदार होता. ज्या आवाजाला आपण स्वतःच कान लावून बसलों आहों, त्याचा उपद्रव वाटत नाहीं.

ही एकवाक्यता मोडली ती ध्वनिफितीनें. हॉलंडमधील फिलिप्स कंपनीनें १९६३ सालीं फितीची छोटी डबी काढली, आणि १९८० च्या सुमारास ती आपल्याकडे घरोघर पोंचली. आतां प्रत्येकाचें गाणें निराळें व प्रत्येकाची वेळ निराळी झाली. त्याच काळांत दोन पेट्यांचा स्टिरिओ संच मध्यम स्थितींतील घरांत आला. दोन बाजूंनीं वेगवेगळा ध्वनि देऊन गाण्याला रुंदी व खोली आणण्याची ही युक्ति ॲलन ब्लमलाइन या इंग्रज अभियंत्यानें १९३१ सालींच नोंदविली होती. परंतु तशा तबकड्या बाजारांत यावयास १९५८ साल उजाडावें लागलें, आणि तोंपर्यंत स्वतः ब्लमलाइन १९४२ च्या विमान-अपघातांत निवर्तला होता.

स्टिरिओचा रसिक आवाज मोठा कां करतो, याला शास्त्रीय कारण आहे. तो केवळ उर्मटपणा नव्हे. फ्लेचर व मन्सन या संशोधकांनीं १९३३ सालीं दाखवून दिलें, कीं आवाज लहान असतांना आपल्या कानाला खर्जाचे स्वर प्रमाणाबाहेर क्षीण ऐकूं येतात. तंबोऱ्याचा भरणा, डग्ग्याचा घुमारा हीं कानांत भरावींत म्हणून हात आपोआप कळीकडे जातो. आणि दुर्दैव असें, कीं भिंत अडविते ती उंच स्वरांना. खर्जाला ती वाट देते. तीन हजार कंपनांच्या स्वराची लाट जेमतेम अकरा-बारा सेंटिमीटर लांब असते, तर पन्नास कंपनांच्या स्वराची जवळजवळ सात मीटर. म्हणजे चाळींतल्या खोलीहूनही लांब! असा स्वर भिंतीलाच हलवितो. यामुळें गायकाचा आवाज, शब्द, मींड, तान हें सर्व अलीकडे राहतें, आणि शेजाऱ्याच्या वाट्याला येतात ते नुसते धक्के. आपण त्याला गाणें ऐकवितों अशी आपली समजूत असते. वस्तुतः गाण्यांतील सर्व गोडी काढून घेऊन उरलेला चोथा आपण त्याच्या घरीं पाठवितों.

हें ज्ञान मला पुस्तकांतून पुढें झालें. प्रथम झालें तें एका शेजाऱ्याकडून, आणि तें सांगतांना आजही संकोच वाटतो.

१९८७ सालीं मी परळच्या एका चाळींत राहात असें. शाळा सकाळची होती. पगाराच्या थकबाकीची रक्कम एकदम हातीं आली, तेव्हां घरच्या मंडळींचा विरोध न जुमानतां मीं दोन पेट्यांचा संच घेतला, आणि पेट्या ठेविल्या त्या नेमक्या शेजारच्या भिंतीला टेकून. दुपारीं एक वाजतां घरीं यावें, जेवावें, आणि भीमसेन जोशी यांची ध्वनिफीत लावून डोळे मिटावे, असा माझा क्रम सुरू झाला. भर दुपारचें उत्तम गाणें! त्यांत कोणाला काय बाधा होणार?

भिंतीपलीकडे एक गिरणी-कामगार राहात. आम्ही सर्व त्यांना अण्णा म्हणत असूं. गिरणींत ते साच्यावर होते, आणि त्यांना वरचेवर रात्रपाळी येई. १९८२ च्या संपानंतर ज्यांचें काम टिकलें, त्या थोड्यांपैकीं ते एक. तें सांभाळण्यासाठीं माणूस काय वाटेल तें सोशीत असे. एके दिवशीं शाळा लवकर सुटली, म्हणून मी साडेबारालाच जिना चढूं लागलों, तों तिसऱ्या मजल्याच्या वळणावर अण्णा चटई टाकून झोंपलेले दिसले. मीं त्यांना हलवून विचारलें, “अण्णा, घर सोडून येथें कां?” ते गडबडून उठून बसले. म्हणाले, “मास्तर, राग मानूं नका. तुम्ही आल्यावर झोंप मोडते, म्हणून आधींच येथें येऊन पडतों. तुमचें गाणें चांगलेंच असेल. पण आमच्याकडे नुसतें कोणी भिंत बडवतें आहे असें वाटतें.” मग जरा थांबून त्यांनीं हात पुढें केला. आदल्या रात्रीं साच्यापाशीं त्यांचा डोळा लागला होता. बोट थोडक्यांत वांचलें होतें. फडक्याची पट्टी अजून ओली होती.

तीन महिने तो मनुष्य जिन्यांत झोंपत होता, आणि मुलांना शेजारधर्म शिकविणाऱ्या मला त्याचा पत्ता नव्हता. तो एक शब्दही बोलला नाहीं, कारण मी मास्तर होतों आणि गाणें चांगलें होतें. चांगल्या गाण्याच्या आड माणसाचा अपराध किती सहज लपतो!

त्या दिवशीं मीं पेट्या त्या भिंतीपासून काढून समोरच्या बाजूला नेल्या, व त्यांच्याखालीं गोधडीच्या घड्या घातल्या. आवाज पुष्कळ उतरला, पण पुरता नाहीं. म्हणून आम्हां दोघांत एक करार झाला. रात्रपाळीच्या आठवड्यांत अण्णा माझ्या दारावर खडूनें एक रेघ ओढून ठेवीत. रेघ असली कीं संच बंद.

पुढें कायदाही आला. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनीं निवासी भागांत दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबल ही मर्यादा घातली, आणि रात्रीं १० ते सकाळीं ६ हा काळ रात्र म्हणून ठरविला. २००५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें या विषयावर विस्तृत निकाल दिला. २०१० सालीं खाजगी ध्वनियंत्रांविषयीं स्पष्ट तरतूद झाली, कीं जागेच्या हद्दीवर त्यांचा आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षां ५ डेसिबलहून अधिक वर जातां कामा नये. हे नियम चांगले आहेत व ते पाळले गेले पाहिजेत. परंतु अण्णांची रात्र दुपारीं एक वाजतां चालू असे, हें कोणत्या नियमाला कळणार? तापानें फणफणलेलें मूल, परीक्षेला बसलेली मुलगी, रात्रभर इस्पितळांत उभी राहून आलेली परिचारिका, यांची वेळ घड्याळ पाहून समजत नाहीं; ती शेजाऱ्याला विचारूनच समजते.

१९७९ सालीं वॉकमन आला आणि श्रवणिका पुन्हां कानांवर चढल्या. १९२७ सालच्या श्रोत्याप्रमाणें आजचा तरुणही एकटाच ऐकत बसतो. शेजाऱ्याच्या दृष्टीनें ही सोय मोठी आहे, आणि रात्रीं तिचा उपयोग अवश्य करावा. परंतु गॅलरींत जमणारी ती मुलें आणि दाराआडून ऐकणाऱ्या त्या बायका श्रवणिकेंत मावत नाहींत. म्हणून माझें सांगणें इतकेंच, कीं मोठ्यानें गाणें ऐकण्याची हौस असेल तर ती चोरून किंवा दांडगाईनें भागवूं नये. दिवस व वेळ ठरवून, शेजाऱ्याला सांगून भागवावी, आणि जमल्यास त्यालाच बोलवावें.

आमच्या करारांत शेवटीं हेंही कलम आलें. पुढच्या रविवारीं सकाळीं मीं अण्णांना घरीं बोलावलें, दोन पेट्यांच्या बरोबर मध्यें खुर्चीवर बसविलें, आणि तीच ध्वनिफीत पूर्ण आवाजांत लावली. दार उघडें होतें. गॅलरींत चार-सहा माणसें जमली होतीं. भिंतींतून जें आजवर धक्क्यांच्या रूपानें त्यांच्याकडे जात होतें, तें अण्णा पहिल्यानेंच सबंध ऐकत होते. गाणें संपल्यावर ते कांहीं वेळ बोलले नाहींत. मग म्हणाले, “मास्तर, दुसरी बाजू लावा.”