चामड्याची शिलाई घरच्या घरी: मशीन सगळ्यात शेवटी घ्या

पाकीट, कमरेचा पट्टा, चष्म्याचे घर, खांद्याची पिशवी अशा चामडी वस्तू हौसेने शिवायला बसणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुतेक ठरलेला असतो: ‘घरचं शिलाई मशीन चालेल का, की नवीन घ्यावं लागेल?’ खरे तर हा प्रश्न शेवटी यायला हवा. आधी वस्तू ठरते, मग चामड्याची जात आणि जाडी, मग दोरा, मग सुई. एवढे ठरले की मशीन लागणार की नाही आणि लागले तर कोणते, हे आपोआप कळते. हा क्रम उलटा झाला की मोठी रक्कम घालून आणलेले मशीन कोपऱ्यात धूळ खात पडते.

कापड आणि चामडे यांतला फरक

कापडात सुई धाग्यांमधून वाट काढते. टाका उसवला तर छिद्र मिटते. चामड्यात पडलेले भोक कायमचे. म्हणून चामड्यावर पुन्हापुन्हा उसवून शिवता येत नाही, टाचण्या लावता येत नाहीत आणि टाके फार जवळ घेता येत नाहीत. बारीक टाके घेतले तर टपाल तिकिटासारखी भोकांची रांग तयार होते आणि चामडे नेमके तिथेच फाटते. टाक्याची लांबी ३ ते ४ मिलिमीटर ठेवावी, जाड कामात त्याहून थोडी जास्त. टाचणीऐवजी कागदाचे क्लिप लावावेत किंवा कडेला सोल्यूशनचा पातळ हात द्यावा.

चामडे घेताना

बाजारात मुख्यतः दोन तऱ्हेचे कमावलेले चामडे मिळते. साली, फळे यांच्या अर्कात कमावलेले चामडे ताठ असते, पाणी लागले की काळपट होते, त्याच्या कडा घोटून गुळगुळीत करता येतात. पट्टा, चाकूचे म्यान, चपलेचा तळ यांना ते योग्य. क्रोमियमच्या क्षारांत कमावलेले चामडे मऊ, लवचिक आणि रंगीत मिळते. पर्स, पिशवी, जाकीट यांना ते बरे. विकणारा काहीही सांगो, एक छोटा तुकडा उकळत्या पाण्यात टाकून पाहावा. क्रोमचे चामडे बहुतेक तसेच राहते, सालीत कमावलेले आकसून वळते.

चामडे चौरस फुटावर विकले जाते. काही व्यापारी चौरस डेसिमीटर सांगतात. एक चौरस फूट म्हणजे सुमारे ९.२९ चौरस डेसिमीटर. जाडी मात्र नेहमी मिलिमीटरमध्येच विचारावी. पोटाकडचे चामडे सैल आणि ताणणारे असते, पाठीचे घट्ट. त्यामुळे पट्टा पाठीच्या भागातूनच कापावा. नवख्याने पूर्ण कातडे न घेता कात्रण घ्यावे, किंवा दोघातिघांनी मिळून एक कातडे वाटून घ्यावे. चेन्नई, कानपूर, कोलकाता आणि मुंबईतील धारावी ही या मालाची मोठी ठिकाणे.

महाराष्ट्रात २०१५ पासून आणि कर्नाटकात २०२१ पासून गोवंश हत्येवर कडक कायदे लागू आहेत. सीमेच्या अलीकडे-पलीकडे माल नेणाऱ्याने चामडे कोणत्या जनावराचे आहे हे लिहिलेले पक्के बिल जवळ ठेवावे.

आधी हाताने शिवा

हाताने शिवायला थोडकी हत्यारे पुरतात: कापायला रापी किंवा धारदार कटर, भोक पाडायला आरी, सारख्या अंतरावर खुणा करायला दातेरी पंच, कडेपासून सरळ रेघ मारायला कंपास, लाकडी हातोडा, दोन बोथट सुया, मेण लावलेला दोरा आणि काम धरून ठेवायला मांडीत दाबायचा लाकडी चिमटा. रापीला धार हवीच. बोथट पाते जास्त जोर मागते, घसरते आणि हात कापते.

एकाच दोऱ्याच्या दोन्ही टोकांना सुया ओवायच्या आणि प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून काढायच्या, असा हा टाका. मशीनचा टाका वेगळा असतो. त्यात वरचा आणि खालचा दोरा एकमेकांत अडकलेले असतात, एक तुटला की शेजारचे टाके सुटू लागतात. हाताच्या दोन सुयांच्या टाक्यात एक फेर तुटला तरी दुसरा धरून राहतो. म्हणून ओझे पेलणाऱ्या जागा, म्हणजे पट्ट्याचे बक्कल, पिशवीचे कान, मशीनवर शिवणारेही हातानेच पक्क्या करतात. दोरा शिवणीच्या चौपट लांब घ्यावा. २० सेंटिमीटरच्या शिवणीला ८० सेंटिमीटर आणि सुया ओवायला वर थोडा.

दोरा आणि सुईची जोडी

सुती दोरा चामड्यात लवकर कुजतो. बॉन्डेड नायलॉन मजबूत आणि किंचित ताणणारा. उन्हात राहणाऱ्या वस्तूला पॉलिस्टर बरा. दोऱ्याची जाडी टेक्समध्ये मोजतात: १,००० मीटर दोऱ्याचे वजन जितके ग्रॅम, तितके टेक्स. म्हणजे आकडा मोठा तर दोरा जाड. दुकानात मात्र ‘२० नंबर’, ‘४० नंबर’ म्हणतात, तिथे हिशेब उलटा असतो, नंबर मोठा तर दोरा बारीक. दोन्ही पद्धती एकत्र करून मागितले की हमखास चुकीचा रीळ हातात पडतो.

सुईवरच्या दोन आकड्यांपैकी मोठा आकडा तिची जाडी सांगतो. ११० म्हणजे १.१ मिलिमीटर. साधारण जोड्या अशा:

- बकरीचे किंवा मेंढीचे मऊ चामडे, सगळे थर मिळून दीड मिलिमीटरपर्यंत: टेक्स ४५ दोरा, ९०/१४ किंवा १००/१६ सुई.
- पाकीट, पर्स, दोन ते तीन मिलिमीटर: टेक्स ७०, सुई ११०/१८.
- पिशवी, तीन ते पाच मिलिमीटर: टेक्स ९०, सुई १२५/२०.
- पट्टा, पिशवीचे कान: टेक्स १३५, सुई १४०/२२ किंवा एक पायरी जाड.

जोडी जमते का, हे पाहायला हातभर दोरा सुईत ओवून तिरका ताणून धरावा. सुई स्वतःच्या वजनाने सरकत खाली आली तर ठीक. अडकली तर सुई बारीक आहे, शिवताना दोरा पिंजणार. चामड्यासाठी कापत जाणाऱ्या टोकाची सुई वेगळी मिळते. कापडाची गोल टोकाची सुई जाड चामड्यात वाकते किंवा मोडते.

कोणते मशीन काय शिवते

*घरचे मशीन.* पायाचे असो वा मोटारीचे, पहिल्या गटातले काम करते, दुसऱ्यातले कुरकुरत. त्यात खालचे दातेच कापड ढकलतात. चामडे वरच्या फुटाला चिकटते, टाके आखडतात. टेफ्लॉनचा फूट किंवा रोलर फूट लावला तर बराच फरक पडतो. जाड जोडावर मोटार न दाबता चाक हाताने फिरवावे.

*टेलरचे औद्योगिक सरळ मशीन.* वेग भरपूर, पण चामडे ढकलण्याची चाल घरच्या मशीनचीच. खालचा थर पुढे सरकतो आणि मऊ चामड्यावर दात्यांचे वळ उठतात.

*वॉकिंग फूट मशीन.* यात दाते, सुई आणि फूट एकत्र पुढे सरकतात, त्यामुळे थर एकमेकांवरून घसरत नाहीत. सोफा, गाडीचे सीट, पिशव्या शिवणाऱ्यांकडे हेच असते. नियमित पिशव्या शिवायच्या असतील तर पैसे इथे घालावेत. सपाट टेबलाऐवजी नळीसारख्या हाताचे घेतले तर तयार पिशवीच्या आतही शिवता येते.

*पॅचर.* जोडे दुरुस्त करणाऱ्यांचे लांब हाताचे मशीन. फूट चहूबाजूंनी फिरतो, अरुंद जागी शिवता येते. बॉबिन लहान असल्याने लांब शिवणीत दोरा वारंवार संपतो. हे दुरुस्तीचे मशीन आहे, रोज पट्टे शिवण्याचे नव्हे.

जुने मशीन घेताना

- स्वतःचे चामडे आणि दोरा घेऊन जावे. दोन थर, चार थर आणि एक कोपरा विकणाऱ्यासमोर शिवून पाहावा.
- मोटार सिंगल फेजची आहे का, हे विचारावे. कारखान्यातून निघालेल्या बऱ्याच मशीनना थ्री फेज लागतो, तो घरात नसतो.
- क्लच मोटार सतत फिरत राहते आणि संथ चालवायला अवघड. सर्व्हो मोटार पाय दाबला तरच फिरते, टाका टाका मोजून शिवता येतो, वीजही कमी खाते.
- सुई, बॉबिन केस आणि फूट बेळगाव, पणजी, इंदूर किंवा हैदराबाद, जिथे राहतो तिथे मिळतात का, याची खात्री करावी.

टाका बिघडला तर

गाठ चामड्याच्या जाडीत मध्यभागी लपली पाहिजे. ती खाली दिसत असेल तर वरचा ताण सैल आहे, वर दिसत असेल तर वरचा ताण जास्त. खाली दोऱ्याचे भेंडोळे झाले तर दोरा ताणाच्या चकत्यांत बसलेला नाही. फूट वर उचलून पुन्हा ओवावा. टाके चुकत असतील तर सुई उलटी बसली आहे, वाकली आहे किंवा फुटाचा दाब कमी पडून चामडे सुईबरोबर वर उचलले जात आहे.

गोवा, कोकण आणि खानापूरच्या पावसात चामड्याला बुरशी लागते. माल प्लॅस्टिकमध्ये न गुंडाळता सुती कापडात ठेवावा, ओला झाला तर सावलीत वाळवावा. सोल्यूशन लावताना खिडकी उघडी असावी.

शिकायचे कोणाकडून

सीमाभागातल्या हौशी माणसाला यासाठी लांब जावे लागत नाही. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली मिळालेले भौगोलिक मानांकन दोन राज्यांचे मिळून आहे: महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेले चामडे, खिळ्याशिवाय चामड्याच्याच वादीने शिवलेला तळ, ही रीत अथणी-निपाणीकडेही तीच आणि कोल्हापुरातही तीच. कातडे कमावणारा ढोर समाज आणि जोडे करणारा चर्मकार समाज यांनी ती पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली, आणि तिच्यापायी हीनपणाची वागणूकही सोसली.

जून २०२५ मध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडाने तशाच चपला नाव न घेता दाखवल्या, तेव्हा दोन्ही राज्यांतून आवाज उठला आणि कंपनीला मूळ कारागिरी मान्य करावी लागली. तोच हिशेब गल्लीतही लागू आहे. बाजारपेठेतल्या कारागिराकडून रापीला धार कशी लावायची, कड कशी तासायची हे शिकायला दोन दिवस बसणाऱ्याने त्याच्या बुडालेल्या मजुरीचे पैसे द्यावेत, आणि शिकलेले काम लोकांना दाखवताना ते कोणाकडून शिकलो हेही सांगावे.