ट्रायकोकार्डवरचं नाव

जुन्नर-आंबेगाव म्हणजे विघ्नहर आणि भीमाशंकर कारखान्यांचा ऊसपट्टा. इकडे उसाच्या पानाखाली टाचलेली कागदी पट्टी दिसली, तर ते बहुधा ट्रायकोकार्ड. त्यातून निघते जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची गांधीलमाशी. ती किडीच्या अंड्यातच आपलं अंडं घालते, म्हणजे अळी जन्मायच्या आधीच खेळ खल्लास!

ट्रायकोग्रामा हे तिचं आडनाव समजा, वेस्टवुडने 1833 मध्ये दिलेलं. घोळ झाला पाळण्यातल्या नावाचा. सगळ्या जाती दिसायला सारख्या, आणि रंगावर जावं तर तो तापमानानुसार बदलतो. आपल्या उसावरची जात कित्येक वर्षं 'ऑस्ट्रॅलिकम' म्हणूनच खपली. मग बंगळूरच्या सुधा नागरकट्टी आणि एच. नागराजा यांनी 1971 मध्ये दाखवलं, की खरी ओळख नराच्या जननेंद्रियाच्या रचनेत आहे. 1976 मध्ये इटलीच्या विज्जानींनी आपल्या जातीला 'कन्फ्यूझम' नाव दिलं. (नावातच गोंधळ, बघा!) 1979 मध्ये याच जोडीने सांगितलं, की जपानच्या इशींनी 1941 मध्ये नोंदवलेली 'चिलोनिस' ती हीच. जुनं नाव टिकतं, हा नियम.

शेतकऱ्याला याचं काय? खोडकिडीला चिलोनिस लागते, शेंडेकिडीला जापोनिकम. आणि जुन्या अहवालात उसावरची 'ऑस्ट्रॅलिकम' भेटली, तर बहुधा ती आपली चिलोनिसच.