पोदेराची कला आणि पाश्चरचें शास्त्र

आपल्याकडे स्वयंपाकाला नांवें दोन आहेत. वात्स्यायनानें शाक, यूष व भक्ष्य सिद्ध करण्याचें कौशल्य चौसष्ट कलांत गणलें. तर रामचंद्र सखाराम गुप्ते यांनीं १८७५ सालीं आपल्या मराठी पाकग्रंथाला नांव दिलें 'सूपशास्त्र'. यांपैकीं खरें कोणतें, याचा निकाल कोशांत शोधण्यापेक्षां गोव्याच्या भट्टींत शोधावा, असें मला वाटतें.

१५१० सालीं पोर्तुगीजांनीं गोवें घेतलें आणि त्यांच्यामागून तेथें पाव आला. पाव भाजणाऱ्याला गोव्यांत पोदेर म्हणतात. पीठ फुगविण्यासाठीं हे पोदेर सूर वापरूं लागले. माडाच्या कोंवळ्या फुलोऱ्यांतून गळणारा गोड रस, म्हणजे सूर, थोड्याच तासांत आंबूं लागतो. तो फार आंबला तर पाव आंबट होतो, कमी आंबला तर फुगत नाहीं. गार हवेंत पीठ सावकाश चढतें, वैशाखांत घाई करतें. हें सारें पोदेर नाकानें आणि बोटांनीं ओळखीत असे. उष्णतामापक त्याच्यापाशीं नव्हता.

आतां युरोपांतील पंडितांकडे वळूं. किण्व सजीव आहे, असें कान्यार-लातूर व श्वान यांनीं १८३७ च्या सुमारास सूक्ष्मदर्शकाच्या आधारें सांगितलें, तेव्हां लीबिगसारख्या थोर रसायनज्ञानें त्यांची थट्टा केली. त्याच्या मतें ही केवळ रासायनिक उलथापालथ होती. पाश्चरनें १८५७ पासून प्रयोग करून सजीवांचा पक्ष बळकट केला. पण गंमत अशी कीं, १८९७ सालीं बुखनरनें किण्वपेशी चिरडून काढलेल्या रसानेंही साखर आंबविली, आणि लीबिगच्या बाजूलाही थोडें सत्य निघालें! साठ वर्षें हा वाद चालला. पोदेराचा पाव मात्र पहाटे भट्टींतून निघतच होता.

मग पोदेर शास्त्रज्ञ ठरतो काय? माझ्या मतें नाहीं. सूर पीठ कां फुगविते, हें त्याला सांगतां आलें नसतें, आणि जेथें माड नाहींत तेथें त्याची विद्या अडली असती. शास्त्रानें वेगळें काढलेलें किण्व कोठेंही नेतां येतें. परंतु पोदेराच्या ज्ञानाला नुसता 'हाताचा गुण' म्हणून बाजूला सारणें हा अन्याय आहे. तें ज्ञान रोज परीक्षेला बसत होतें, तेंही गिऱ्हाइकासमोर.

आज गोव्यांतील बहुतेक भट्ट्यांत तयार यीस्टच वापरतात. पाव लवकर फुगतो, रोज सारखा निघतो. माडावर चढून सूर काढणारे रेंदेर कमी झाले आहेत. आणि ती पिठांत नेमकी केव्हां घालावी हें वासावरून सांगणारे पोदेर आतां थोडेच उरले आहेत.