गळ आणि मोजपट्टी

मासेमारी म्हटली कीं कोळ्यांचीं जाळीं, होड्या आणि पोटापाण्याचा उद्योग हेंच चित्र डोळ्यांपुढें उभें राहतें. परंतु अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर लक्षावधि लोक केवळ विरंगुळा म्हणून समुद्रांत गळ टाकतात. एका हौशी मनुष्याच्या गळास असे किती मासे लागणार, असें कोणासहि वाटेल. स्ट्राइप्ड बास ह्या माशाचा इतिहास ह्या प्रश्नाचें उत्तर देतो.

रुपेरी अंगावर सात-आठ काळसर पट्टे असलेला हा मासा समुद्रांत राहतो. मात्र वसंत ऋतूंत अंडीं घालण्यासाठीं तो नद्यांच्या गोड्या पाण्यांत शिरतो. चेसापीक उपसागर ही त्याची सर्वांत मोठी जन्मभूमि होय. मादी वयांत येण्यास साधारणतः चार ते आठ वर्षें लागतात. तत्पूर्वींच ती पकडली गेली, तर तिच्याबरोबर पुढील पिढीहि नाहींशी होते.

इंग्लंडहून आलेल्या वसाहतवाल्यांस हा मासा इतका विपुल मिळे कीं, ते तो शेतांत खत म्हणून घालीत. ही उधळपट्टी थांबविण्यासाठीं मॅसॅच्युसेट्स बे वसाहतीनें १६३९ सालीं बास व कॉड हे मासे खतासाठीं वापरण्यास मनाई केली. १६७० सालीं प्लिमथ वसाहतीनें केप कॉड येथील बास, मॅकरेल व हेरिंग ह्यांच्या मासेमारीचें उत्पन्न एका मोफत शाळेकडे लावून दिलें. माशांच्या जिवावर मुलें लिहावयास-वाचावयास शिकलीं!

पुढें तीन शतकांनीं ही समृद्धि ओसरली. १९७३ सालीं धंदेवाईक कोळ्यांनीं १ कोटि ४७ लक्ष पौंड बास किनाऱ्यास आणला होता. १९८३ सालीं तो आंकडा १७ लक्ष पौंडांवर आला. अतिरेकी मासेमारी हें मुख्य कारण. नद्यांच्या दूषित पाण्याचाहि संशय होता. त्यांत कायदे प्रत्येक राज्याचे निराळे, आणि मासा तर राज्यांच्या सीमा जाणत नाहीं. एका राज्यानें संयम पाळावा आणि शेजाऱ्यानें त्याचा लाभ घ्यावा, असा प्रकार सहज होई. किनाऱ्यावरील राज्यांचें संयुक्त मंडळ १९४२ पासून होतें. पण त्याच्या सल्ल्यास कायद्याचें बळ नव्हतें. तें १९८४ च्या कायद्यानें दिलें. मंडळाची योजना जें राज्य पाळणार नाहीं, तेथील बासची मासेमारी मध्यवर्ती सरकारनें बंद करावी, असें ठरलें.

१९८५ च्या जानेवारींत मेरीलंडनें ही मासेमारी पूर्णपणें बंद केली. बंदी कोळ्यांसही होती आणि हौशी लोकांसही. पण एकाचा छंद थांबला, तर दुसऱ्याचें उत्पन्न बुडालें. मेरीलंडमध्यें १९५४ पासून दरवर्षीं जाळें टाकून बासचीं पिल्लें मोजण्याचा प्रघात आहे. ह्या मोजणीची तीन वर्षांची सरासरी १९८९ सालीं ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेली, आणि १९९० सालीं बेताबेतानें मासेमारी पुन्हा सुरू झाली. १९९५ सालीं मासा पूर्ववत् झाल्याचें जाहीर करण्यांत आलें.

तथापि हें समाधान टिकलें नाहीं. २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत माशाची संख्या पुन्हा धोक्याच्या रेषेखालीं गेल्याचें आढळलें. ह्या वेळीं मोठा वाटा हौशी लोकांचाच होता. त्यांनीं सोडून दिलेल्या माशांपैकींहि शेंकडा नऊ मरतात असें धरण्यांत येतें, आणि सोडलेल्यांची संख्या प्रचंड असल्यामुळें हा तोटा लहान नाहीं.

म्हणून २०२० सालीं नवीन नियम झाला. खुल्या किनाऱ्यावर प्रत्येकानें दिवसास एकच मासा ठेवावा, व तोहि २८ इंचांहून लहान नसावा आणि ३५ इंचांच्या आंतील असावा. मोठ्या माद्या अंडीं विपुल घालतात, म्हणून वरची मर्यादा. २०२३ सालीं ती ३१ इंचांवर आणली. कारण २०१५ सालीं जन्मलेली भरघोस पिढी नेमकी त्याच सुमारास गळांच्या तावडींत सांपडूं लागली होती. पाहुण्यांस होडींतून मासेमारीस नेऊन पोट भरणाऱ्यांस हें जाचक वाटलें, आणि त्यांची तक्रार खोटी म्हणतां येत नाहीं. परंतु नदींत पिल्लेंच उरलीं नाहींत, तर त्यांच्या होड्यांस गिऱ्हाईक कोठून मिळणार?

प्रत्येकाचा मासा एकच असतो. गळ मात्र लक्षावधि असतात. मोजपट्टीचें महत्त्व त्यामुळेंच आहे.