रसायनशास्त्राच्या इतिहासाचे विद्यापीठीय अध्यापन
रसायनशास्त्राच्या इतिहासाचे विद्यापीठीय अध्यापन : रासायनिक संकल्पना, सिद्धांत व प्रायोगिक पद्धती यांच्या विकासाचे उच्च शिक्षणातील अध्यापन. शोध व शोधक यांची कालानुक्रमे माहिती देणे हा त्याचा केवळ एक भाग होय. एखादा सिद्धांत कोणत्या पुराव्यावर स्वीकारला गेला आणि तत्पूर्वी तो का नाकारला गेला, हे विद्यार्थ्याला समजावून देणे हे त्याचे मुख्य उद्दिष्ट असते. पाठ्यपुस्तकांत बहुधा निष्कर्षच दिलेले असतात. ते ज्या वादांतून निष्पन्न झाले, ते वाद गाळले जातात.

अशा अध्यापनाचे महत्त्वाचे उदाहरण इटलीत आढळते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अणुभारांविषयी एकमत नव्हते. काही रसायनशास्त्रज्ञ ऑक्सिजनाचा अणुभार ८ मानीत, तर काही १६. त्यामुळे पाण्याचे सूत्रही निरनिराळे लिहिले जाई. आउगुस्ट केकूले यांनी १८६१ मधील आपल्या पाठ्यपुस्तकात ॲसिटिक अम्लाची १९ सूत्रे नमूद केली आहेत.

जेनोआ विद्यापीठातील प्राध्यापक स्तानीस्लाओ कान्नीत्सारो (१८२६–१९१०) यांनी आपल्या अध्यापनाचा प्रारंभ या प्रश्नाच्या इतिहासाने केला. समान तापमान व दाब असताना सर्व वायूंच्या समान घनफळांत रेणूंची संख्या समान असते, हे आमादेओ आव्होगाद्रो यांचे १८११ चे गृहीतक दुर्लक्षित का राहिले, याचे त्यांनी विवेचन केले. बर्झीलियस यांच्या विद्युत् रासायनिक मतानुसार एकाच मूलद्रव्याच्या दोन अणूंचा संयोग असंभाव्य होता. द्यूमा यांनी मोजलेल्या पारा व गंधक यांच्या बाष्पघनताही विसंगत वाटत होत्या. निरनिराळ्या मूलद्रव्यांच्या रेणूंतील अणूंची संख्या भिन्न असू शकते, हे मान्य केल्यास ही विसंगती नाहीशी होते, असे कान्नीत्सारो यांनी दाखविले.

या व्याख्यानांचा सारांश १८५८ मध्ये प्रसिद्ध झाला. कार्ल्झरूए येथील सप्टेंबर १८६० च्या परिषदेत त्याच्या प्रती वाटण्यात आल्या. तो वाचून लोटार मायर यांच्या शंका फिटल्या व त्यांच्या १८६४ च्या सैद्धांतिक ग्रंथाला त्यातून चालना मिळाली. परिषदेस उपस्थित असलेल्या मेंडेलेव्ह यांच्या १८६९ मधील आवर्त सारणीलाही सुधारित अणुभारांचा आधार लाभला.

विसाव्या शतकात हार्व्हर्ड विद्यापीठाचे अध्यक्ष व रसायनशास्त्रज्ञ जेम्स ब्रायंट कोनंट (१८९३–१९७८) यांनी विज्ञानेतर शाखांच्या विद्यार्थ्यांसाठी ऐतिहासिक प्रकरणांवर आधारित अभ्यासक्रम सुरू केला. त्यासाठी तयार केलेल्या पुस्तिकांत फ्लॉजिस्टॉन सिद्धांताचा पाडाव व अणु-रेणू सिद्धांत यांवरील पुस्तिकांचा समावेश होता.

या अध्यापनातील प्रमुख धोका म्हणजे भूतकाळ केवळ आजच्या ज्ञानाच्या निकषावर पारखणे. फ्लॉजिस्टॉन सिद्धांत चुकीचा ठरला. तथापि ज्वलन व धातूंचे भस्मीकरण या क्रियांची एकाच तत्त्वाने संगती लावण्याचे कार्य त्याने केले होते. भस्मीकरणात धातूचे वजन वाढते, ही बाब त्याला निर्णायकपणे बाधक का ठरली, हे समजण्यासाठी त्याची ही उपयुक्तता आधी ध्यानात घ्यावी लागते. अन्यथा इतिहास म्हणजे चुकांची यादी होते आणि आजचा सिद्धांतही विद्यार्थी केवळ अधिकारवाणी म्हणून स्वीकारतो.