वेतनमर्यादा आणि खेळाडूंची अदलाबदल : कोलकाता नाइट रायडर्सचा हिशेब

इंडियन प्रीमियर लीगमध्ये प्रत्येक संघाने खेळाडूंवर किती रक्कम खर्च करायची, याची कमाल मर्यादा भारतीय क्रिकेट नियामक मंडळ ठरवते. २०२३ च्या हंगामासाठी ती ९५ कोटी रुपये होती, तर २०२४ साठी १०० कोटी. धनाढ्य मालकाने सगळे नामवंत खेळाडू एकट्याने पळवू नयेत, हा त्यामागील हेतू. मात्र लिलावाबाहेर दोन संघांत परस्पर संमतीने होणाऱ्या अदलाबदलीत, म्हणजेच ‘ट्रेड’मध्ये, या मर्यादेला वळसा घालणे शक्य होते.

अमेरिकेतील एनबीए बास्केटबॉल स्पर्धेत वेतनमर्यादा १९८४-८५ पासून लागू आहे. तेथे मर्यादा ओलांडलेला संघही अदलाबदल करू शकतो. परंतु येणाऱ्या आणि जाणाऱ्या खेळाडूंच्या वेतनाचा मेळ ठरावीक प्रमाणात बसावा लागतो. त्यामुळे अनेकदा केवळ हिशेब जुळावा म्हणून एखादा खेळाडू व्यवहारात गोवला जातो. आयपीएलमध्ये मर्यादा ताठर आहे, पण वेतन जुळवण्याची अट नाही. खेळाडूच्या बदल्यात खेळाडू किंवा निव्वळ रोख रक्कम, असे दोन्ही व्यवहार चालतात. खेळाडूचे वेतन जुन्या संघाच्या खात्यातून उतरते आणि नव्या संघाच्या खात्यावर चढते. खेळाडूने परस्पर दुसऱ्या संघाशी बोलणी करणे मात्र निषिद्ध आहे. राजस्थान रॉयल्सशी करारबद्ध असताना मुंबई इंडियन्सशी वाटाघाटी केल्याबद्दल रवींद्र जडेजा याला २०१० च्या हंगामातून निलंबित करण्यात आले होते.

कोलकाता नाइट रायडर्सने नोव्हेंबर २०२२ मध्ये या मार्गाचा सढळ वापर केला. गुजरात टायटन्सकडून लॉकी फर्ग्युसन (१० कोटी) व रहमानुल्ला गुरबाझ (५० लाख) आणि दिल्ली कॅपिटल्सकडून पालघरचा अष्टपैलू शार्दूल ठाकूर (१० कोटी ७५ लाख) यांना संघात घेण्यात आले. शार्दूलच्या बदल्यात दिल्लीकडे गेलेल्या अमन खानचे वेतन होते अवघे २० लाख. अशा व्यवहाराचा लाभ असा की लिलावात चढाओढ करावी लागत नाही. तोटा असा की आदल्या लिलावात दुसऱ्याने ठरवलेली किंमत मुकाट्याने स्वीकारावी लागते. एकूण मर्यादेच्या पाचव्या हिश्शाहून अधिक रक्कम या तिघांवर अडकली. त्या डिसेंबरमध्ये कोची येथे झालेल्या लिलावात कोलकात्याकडे केवळ ७ कोटी ५ लाख रुपये शिल्लक होते. दहा संघांत सर्वांत कमी.

हा सौदा महागच पडला, असे म्हणावे लागेल. ६ एप्रिल २०२३ रोजी ईडन गार्डन्सवर शार्दूलने बंगळुरूविरुद्ध २९ चेंडूंत ६८ धावा फटकावल्या, पण हंगामात त्याला बळी मिळाले सात. संघ सातव्या स्थानावर राहिला. शार्दूल आणि फर्ग्युसन दोघांनाही मुक्त करण्यात आले आणि २० कोटी ७५ लाख रुपये मोकळे झाले. डिसेंबर २०२३ मध्ये दुबईतील लिलावात कोलकात्याने मिचेल स्टार्कसाठी विक्रमी २४ कोटी ७५ लाख मोजले. २६ मे २०२४ रोजी चेन्नईत कोलकात्याने विजेतेपद पटकावले, तेव्हा सामनावीर स्टार्कच होता.

मर्यादेला खरा वळसा घातला जातो तो हस्तांतर शुल्काने. हे शुल्क दोन संघ आपसांत ठरवतात, ते जाहीर होत नाही आणि वेतनमर्यादेत धरलेही जात नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये हार्दिक पंड्या गुजरातकडून मुंबईकडे आला, तेव्हा मुंबईने कॅमेरून ग्रीनला १७ कोटी ५० लाखांच्या वेतनासह बंगळुरूकडे पाठवून पंड्याच्या १५ कोटींसाठी जागा केली. गुजरातला त्यापलीकडे काय मिळाले, हे गुलदस्त्यातच राहिले. समान संधीच्या नावाने आखलेल्या नियमात एवढे मोठे खिंडार असावे, हे खटकणारे आहे.

लिलावातही असे घडले आहे. २०१० मध्ये एका खेळाडूवरील बोली साडेसात लाख डॉलरवर थांबवण्यात आली होती. बरोबरी झाल्यास संघांनी गुप्त बोली लावायची आणि वरची रक्कम मर्यादेत धरली जायची नाही, असा नियम होता. कोलकात्याला शेन बाँड आणि मुंबईला किरॉन पोलार्ड याच पद्धतीने मिळाला. पुढे डिसेंबर २०२५ मध्ये अबुधाबी येथील लिलावात कोलकात्याने ग्रीनला २५ कोटी २० लाखांना घेतले तेव्हा उलटे घडले : संघाच्या मर्यादेतून पूर्ण रक्कम वजा झाली; परदेशी खेळाडूंसाठीच्या नव्या नियमानुसार ग्रीनच्या वाट्याला मात्र १८ कोटीच आले. उरलेली रक्कम खेळाडूंच्या कल्याणासाठी मंडळाकडे जाते.

या हिशेबात खेळाडूचे मोल झपाट्याने बदलते. कोलकात्याने सोडल्यानंतर शार्दूलला चेन्नईने चार कोटींना घेतले. नोव्हेंबर २०२४ च्या मोठ्या लिलावात त्याच्यावर कोणीच बोली लावली नाही. मार्च २०२५ मध्ये जखमी मोहसिन खानच्या जागी लखनौने त्याला दोन कोटींना बोलावले. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच किमतीला तो मुंबई इंडियन्सकडे आला. २०१७ मध्ये पंजाबकडून पुण्याकडे आणि २०२२ मध्ये दिल्लीकडून कोलकात्याकडे गेल्यानंतरची ही त्याची तिसरी अदलाबदल होती.