तोफ ओढणारे ट्रक, तोफ थोपवणारे ब्रेक

९ नोव्हेंबर २०१८ हा भाऊबीजेचा दिवस. देवळाली कॅम्पमध्ये त्या दिवशी तत्कालीन संरक्षणमंत्री निर्मला सीतारामन यांच्या उपस्थितीत तोफखान्यात तीन गोष्टी दाखल झाल्या : एम-७७७ ही हलकी तोफ, स्वतःच्या पट्ट्यांवर धावणारी के-९ वज्र आणि तोफ ओढण्यासाठी भारतात बनलेला, सहाही चाकांना इंजिनाची ओढ असलेला ट्रक. चर्चा झाली ती तोफांची. ट्रक फोटोत मागे राहिला. तोफखान्याच्या इतिहासात असे नेहमीच घडत आले आहे. तोफेचा पल्ला लिहिला जातो, ट्रकाची ताकद कधीमधी लिहिली जाते. तोफ घाटातून उतरवताना ती कशाने थोपवली, हे मात्र क्वचितच कोणी नोंदवतो.

देवळालीची छावणी १८६० च्या दशकात वसली. तोफखान्याचे प्रशिक्षण देणारी शाळा १९२३ मध्ये काकूल येथे सुरू झाली आणि १९४१ मध्ये देवळालीला आली. फाळणीनंतर काकूल पाकिस्तानात राहिले, देवळाली भारतीय तोफखान्याचे माहेरघर झाले. तेव्हापासून इथे ओढल्या गेलेल्या तोफांची वजने पाहिली तरी ब्रेकची कहाणी उलगडू लागते. दुसऱ्या महायुद्धातली २५ पौंडी तोफ सुमारे १८०० किलोंची. नंतर आलेली १३० मिलिमीटरची रशियन तोफ साडेसात टनांच्या पुढची. १९८६ च्या करारातली बोफोर्स जवळपास १२ टनांची. ओढणारी वाहनेही बदलली. १९५९ पासून जबलपूरला जर्मन परवान्याने शक्तिमान ट्रक बनू लागले, बोफोर्ससाठी स्वीडनचे स्कॅनिया आले. इंजिने मोठी झाली, पण चाकातला ब्रेक तोच राहिला : ड्रमचा.

ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारे लोखंडी पातेले. ब्रेक दाबला की आतले दोन शू फाकतात आणि त्यांवरचे लायनर पातेल्याला घासतात. गती नाहीशी होत नाही, तिची उष्णता होते. ही उष्णता किती, याचा हिशेब सोपा आहे. देवळालीहून मुंबईकडे निघाले की इगतपुरी सुमारे ६०० मीटर उंचीवर आणि घाटाखालचे कसारा ३०० च्या आसपास. ट्रक, तोफ, दारूगोळा आणि जवान मिळून २५ टन धरू. हे वजन ३०० मीटर खाली आणताना सात कोटी ज्यूलहून जास्त ऊर्जा जिरवावी लागते. एवढ्या उष्णतेत २५० लिटर पाणी ३० अंशांवरून उकळीला येईल. सगळा भार ब्रेकवर टाकला, तर ही आग त्या बंद पातेल्यांत कोंडते. तापलेला ड्रम फुगून शूपासून दूर जातो, लायनरची पकड घटते आणि पायाखाली पेडल असूनही ब्रेक लागेनासा होतो. ज्या गिअरमध्ये घाट चढता त्याच गिअरमध्ये उतरा, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम इथूनच आला.

डिस्कमध्ये लोखंडी तबकडी उघड्यावर फिरते आणि कॅलिपरमधले पॅड तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात. तबकडी तापून फुगली, तर पॅडपासून दूर न जाता त्यांच्याकडेच सरकते. उष्णता वाऱ्यावर निघून जाते. नवल असे, की दोन्ही कल्पना एकाच वर्षीच्या. १९०२ मध्ये फ्रान्सच्या लुई रेनोने ड्रम आणला आणि त्याच वर्षी इंग्लंडच्या लँचेस्टरने डिस्कचे पेटंट घेतले. पण तेव्हाच्या धुळीच्या रस्त्यांवर उघड्या डिस्कची झीज फार होई. १९५३ मध्ये ल मान्सच्या शर्यतीत जॅग्वारने डिस्कचे नाव केले. जड ट्रकांत चारी बाजूंना डिस्क देण्याचा मोठा टप्पा १९९६ च्या मर्सिडीज ॲक्ट्रॉसने गाठला.

मग लष्कराने जुन्या ट्रकांचे ड्रम काढून डिस्क का बसवल्या नाहीत? हा निव्वळ आळस नव्हे. ड्रममध्ये फिरणारे पातेले शूला आपल्याकडे ओढून घेते, त्यामुळे कमी जोरात जास्त पकड मिळते. डिस्कला ही आयती मदत नाही. तिला जास्त दाब लागतो, म्हणजे हवेचे चेंबर आणि व्हॉल्व्हही बदलावे लागतात. हब आणि ॲक्सलचा तोंडाकडचा भाग नव्याने घडवावा लागतो. ट्रकांच्या डिस्क बहुतेक २२.५ इंची रिमसाठी बनतात. लष्करी ट्रकाच्या २० इंची रिममध्ये कॅलिपरला जागा पुरत नाही. शिवाय धूळ, खडी आणि चिखल पॅडला खातात. ड्रममध्ये पाणी शिरले तर तो उशिरा वाळतो हे खरे, पण नवे शू दूरच्या ठाण्यावरही साध्या हत्यारांनी बसतात.

सर्वांत अवघड गाठ मात्र मागे जोडलेल्या तोफेची आहे. तोफेच्या चाकांनाही ब्रेक असतात. ट्रकाला डिस्क लावली आणि तोफेला ड्रमच ठेवला, तर उतारावर एक जोडीदार थांबतो आणि दुसरा तापून थकतो. थकलेली तोफ पुढच्या ट्रकाला ढकलू लागते, वळणावर जोड कात्रीसारखा मिटतो. त्या ट्रकात तोफेचे सगळे जवान बसलेले असतात. म्हणून ब्रेक बदलायचा तर ट्रक आणि तोफ या जोडीचा बदलावा लागतो, एकट्या ट्रकाचा नव्हे.

जुन्या काळी घोड्यांची तोफ उतारावर आणताना चाकाखाली लोखंडी जोडा सरकवत. चाक फिरायचे थांबे आणि तोफ घसरत, पण ताब्यात उतरे. प्रश्न तेव्हाही तोच होता. ओढण्याची ताकद विकत घेता येते. थोपवण्याची ताकद मात्र तोफ, ट्रक, रस्ता, दुरुस्तीची सोय आणि ड्रायव्हरची शिस्त यांच्या मेळातून येते. देवळालीच्या तोफांचा इतिहास लिहिताना पल्ल्याच्या आकड्याशेजारी उताराचा आकडाही लिहिला जावा, एवढेच या लेखाचे मागणे आहे.